डाव्या चाकाचं बोलणं

चैत्रातल्या त्या शनिवारी सकाळी मी अंगणातल्या कडुनिंबाखाली, उभ्या गाडीच्या पोटाखाली उताणा पडलो होतो आणि निंबाच्या मोहराची बारीक पांढरी फुलं बॉनेटवरून घरंगळत माझ्या मानेपाशी येऊन साचत होती. कडुनिंबाचं सगळं कडू असतं, मोहराचा वास तेवढा गोड असतो. त्या मधाळ, किंचित हिरवट वासात ग्रीसचा, तापू लागलेल्या लोखंडाचा आणि चाकाच्या कमानीत वाळून बसलेल्या काळ्या मातीचा वास मिसळला होता, आणि पानांतून गळणारं कोवळं ऊन माझ्या उघड्या पायांवर चटईच्या नक्षीसारखं पसरलं होतं. एखाद्या रसिक माणसाने अशा वेळी वसंतवर्णन केलं असतं. मी रडत होतो. डोळ्यांत गंज गेला, असं मी बाहेर आल्यावर बायकोला सांगितलं. गंज गेलाही होता, पण दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी कसा गेला, हे तिने विचारलं नाही, एवढे तिचे उपकार.

मी सोनपेठजवळच्या एका गावात मास्तर आहे. मराठी शिकवतो. मुलांना अनुप्रास आणि यमक यांतला फरक समजावून सांगण्यात हयात गेली; पाना आणि पक्कड यांतला फरक मात्र मला कुणी समजावला नव्हता. अशा माणसाने गाडीच्या पोटाखाली शिरण्याचं काही कारण नव्हतं. कारण अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर काळ्या रानात राबलेला, उंचापुरा, आवाजाला खणखणीत माणूस. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं आणि तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी त्यांना परभणीच्या दवाखान्यात मशीनवर न्यावं लागतं. डायलिसिस हा शब्द अण्णा उच्चारत नसत. "चला, रगत धुवून आणू," असं ते म्हणत, जणू धोतर धुवायला टाकायचं आहे. गावापासून पोखर्णीवरून परभणीपर्यंतचा तो रस्ता आमच्या काळ्या मातीत घातलेला; ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्या उरावरचं डांबर तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत राहतं. त्या लाटांवरून आमची जुनी पांढरी गाडी जायची. मागच्या सीटवर अण्णा उशीला टेकून, पुढे मी.

माघात कधीतरी गाडी बोलू लागली. पुढून, खालून कुठूनतरी 'खट्ट' असा आवाज यायचा. त्याचे नखरे एखाद्या मानी पाहुण्यासारखे होते. गुळगुळीत रस्त्यावर मौन, मोठ्या खड्ड्यातही मौन, आणि जिथे रस्त्याला नुसत्या सुरकुत्या पडलेल्या तिथे मात्र 'खट्ट, खट्ट-खट्ट', दात वाजल्यासारखा. आम्ही दोघं त्यावर बोलू लागलो. जाताना बोलायचो, येतानाही बोलायचो. अण्णा म्हणत, "आज जरा कमी हाय." मी म्हणे, "बुश गेला असेल." बुश म्हणजे नेमकं काय हे मला ठाऊक नव्हतं, पण एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला तो शब्द मी असा ठेवून द्यायचो की अण्णांना वाटावं, पोरगं जाणतं. परतताना ते गळून गेलेले असत, डोळे मिटलेले असत; तरीही आवाज आला की ओठ हलत, "बोलली बघ."

आणि मग तो गुरुवार आला. मी गाडी दारात लावली, उशी ठेवली, दार उघडून उभा राहिलो. अण्णा ओसरीवर बसलेले, आंघोळ झालेली, अंगात धुवट सदरा. उठले नाहीत.

"मी न्हाई यायलो."

मला वाटलं, विनोद आहे. आमच्या घराण्यात विनोद गंभीर चेहऱ्यानेच करतात.

"अण्णा, उशीर व्हायलाय. नंबर जाईल."

"जाऊ दे. त्या गाडीत मी बसणार न्हाई. लय बोलायलीय ती. तिचं बोलणं बंद कर, मग बसतो."

"मग भाड्याची गाडी बोलावतो."

"भाड्याच्या गाडीत मला न्हाई मरायचं."

"मरायचं कोण म्हणतंय?" रेखा, माझी बायको, आतून बाहेर येत म्हणाली. "अण्णा, जायचं म्हणजे जायचं. लेकरासारखं करू नका."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, मी शब्द दिलाय की. आवाज गेला की बसतो. आजवर कधी शब्द मोडलाय का?"

नव्हता मोडला. हीच तर पंचाईत होती. या माणसाने जन्मभर स्वतःचा शब्द बैलाच्या कासऱ्यासारखा मुठीत धरला होता. तो सुटत नसे आणि कुणाला सोडवताही येत नसे. आम्ही समजावलं, ओरडलो, हात जोडले. रेखाने जेवण सोडण्याची धमकी दिली, तर अण्णा म्हणाले, "मी बी सोडतो, सोबत होईल." शेवटी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर आधी रागावले, मग गंभीर झाले. पाणी अगदी मोजून द्या, म्हणाले, दम लागला तर एक क्षण थांबू नका, उचलून आणा; आणि काही झालं तरी सोमवार चुकवू नका. 'काही झालं तरी' हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले. मराठीच्या मास्तराला द्विरुक्तीचा अर्थ सांगावा लागत नाही.

म्हणजे सोमवारच्या आत तो आवाज जायला हवा होता.

शुक्रवारी शाळेत रजा टाकून गाडी सोनपेठच्या गॅरेजला नेली. तिथला मिस्त्री माझ्या शेजारी बसला, आणि ज्या रस्त्यावर ती गेले कित्येक आठवडे बडबडत होती त्याच रस्त्यावरून गाडी अशी गेली की जणू तिला कुणी शपथ घातली होती. घरी फणफणलेलं लेकरू डॉक्टरच्या दारात खेळू लागावं, तसं. मी मुद्दाम वाकड्या वाटेने नेली, शेतवाटेवर घातली, अवाक्षर नाही. मिस्त्री म्हणाला, "काय न्हाई सर, मख्खन चालायलीय. तुमच्या मनाचा भास हाय." आणि ठेवूनच जायची असेल तर मंगळवारी खोलून बघू, उद्यापासून घरचं लग्न आहे, असंही म्हणाला. मी त्याला गॅरेजवर सोडलं, गाडी वळवली, आणि पहिल्याच सुरकुतीवर ती म्हणाली, 'खट्ट.' तो आवाज मला हसल्यासारखा वाटला.

मंगळवार माझ्या उपयोगाचा नव्हता. दुपारी फोनवर एकामागून एक व्हिडिओ पाहिले. पडद्यावरची माणसं स्वच्छ हातमोजे घालून, फरशी असलेल्या खोलीत, बोटाएवढ्या फटीत हात घालून 'हे पाहा' म्हणत, आणि मी 'पाहतो पाहतो' करत असे. संध्याकाळपर्यंत आवाज आठ ठिकाणांहून येऊ शकतो हे मला पाठ झालं, आणि त्यातलं एकही ठिकाण आमच्या गाडीत कुठे आहे हे मला सापडेना.

आरंभ मी डिकीपासून केला. काही सैल वाजत असेल, या आशेने सगळं बाहेर काढलं. दसऱ्याच्या पूजेतला नारळ निघाला, कुणाच्या तरी लग्नातला फेटा निघाला, हरभऱ्याचे घाटे निघाले, आणि बऱ्याच दिवसांपासून हरवलेली रेखाची एक चप्पल निघाली, जिच्या चोरीचा आळ आम्ही दोघांनी शेजारच्या कुत्र्यावर घेतला होता. गाडी रिकामी झाली. आवाज भरलेलाच राहिला. मग माझ्या कानांनी निर्णय दिला की आवाज उजवीकडून येतो आहे. शनिवारी पहाटेच उठून गाडी जॅकवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, पोटाखाली बाभळीचे ओंडके सरकवले आणि उजवं चाक काढून जे जे हलेल ते हलवून पाहिलं. काही हलत नव्हतं. हलत नव्हतं म्हणून मी अधिक जोराने हलवलं. लोखंडाच्या सांगाड्यातून आवाज कसा प्रवास करतो, एका कुशीत झालेला ठोका दुसऱ्या कुशीत कसा ऐकू येतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी सबंध सकाळ एका निर्दोष चाकाची उलटतपासणी घेत होतो. मोहर मानेवर साचला होता, तो याच वेळी.

गाडीखालून मला अण्णांचे पाय दिसत होते. ते ओसरीच्या कडेला पाय सोडून बसले होते, आणि घोट्यांवरची कातडी ताणून चकचकीत झाली होती. एका गुरुवारच्या न निघालेल्या पाण्याने ते पाय असे भरले होते की माझ्या ओळखीचे राहिले नव्हते. त्याच पायांमागून मी लहानपणी तिफणीच्या तासातून चाललो होतो.

"सापडलं का काय, गुर्जी?" वरून आवाज आला. थट्टेत असले की अण्णा मला गुर्जी म्हणत.

"बघायलोय."

"कोरडं पडलंय कुठंतरी. कोरडं पडल्याबिगर कुणी बोलत न्हाई. वंगण घाल."

आणि इथे मी तो पराक्रम केला, जो फक्त बैलगाडीवाल्याच्या पोटी जन्मलेला माणूसच करू जाणे. आमच्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला एकच औषध असतं. रहाट कुरकुरला, तेल. दार कुरकुरलं, तेल. म्हातारी माणसं कुरकुरली, तरी गुडघ्याला तेल. गाडीच्या आखाला वंगण देणं हे अण्णांच्या लेखी संध्येइतकं पवित्र कर्म. जत्रेला निघण्याआधी ते एरंडेलात भिजवलेली चिंधी आखावरून अशी फिरवत की बैलांनाही बरं वाटावं. गोठ्यात ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल होतं, स्वयंपाकघरात एरंडेल होतं. मी दोन्ही एकत्र केली, आणि गाडीच्या पुढच्या भागात जिथे जिथे रबर दिसलं, जिथे जिथे सांधा दिसला, तिथे तिथे देवाला तेल वाहावं तसा अभिषेक केला. रबराला तेल चालत नाही, ते त्याने फुगतं, मऊ पडतं, हे व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं असणार. पण तो माझा बाप नव्हता.

आणि काय सांगू! चाक चढवून गल्लीतून गाडी फिरवली तर आवाज नाही. शाळेपर्यंत नेली, मारुतीच्या पारापर्यंत नेली. नाही म्हणजे नाही. मी अंगणात परतलो तो विजयी मुद्रेने. अण्णांनी माझे काळे हात पाहिले आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. "सांगितलं व्हतं की न्हाई?" त्या संध्याकाळी आमच्या घरात एरंडेलाचा दर्प भरून राहिला होता आणि तो मला अत्तरासारखा वाटत होता.

रविवारी सकाळी अण्णाच म्हणाले, परीक्षा घेऊ. त्यांना मागे बसवून मी गोदावरीच्या बाजूला गाडी नेली. नदीपर्यंतची वाट धुळीची. चैत्रातली ती धूळ पिठासारखी मऊ असते, चाकामागे उठते आणि उन्हात सोनेरी होऊन तरंगत राहते. पात्रात पाणी होतं, थोडंसं, पण होतं. अण्णा काचेतून पाहत राहिले. त्यांना दिवसाला जेमतेम दोन पेले पाणी. जिभेला बर्फाचा तुकडा लावायचा आणि गप्प बसायचं. ते पाण्याकडे असे पाहत होते, जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे न पाहण्याचा प्रयत्न करतो. मी गाडी वळवली. आणि परतीच्या वाटेवर, गाव दिसू लागलं तेव्हा, ते आलं. आधी एक नवाच आवाज आला, 'चुंई', ओल्या चपलेसारखा. मग त्याच्या पाठोपाठ जुना, 'खट्ट'. चुंई-खट्ट, चुंई-खट्ट. तेलाला धूळ चिकटली होती, तिचा लगदा झाला होता, आणि माझ्या उपचाराने एका रोगाचे दोन झाले होते.

मागून अण्णा म्हणाले, "आता जोडीनं बोलायलीय. लगीन लावलंस का काय तिचं?"

"तुमीच म्हणालात ना वंगण घाल म्हणून!"

"मी बैलगाडीचं सांगितलं. मोटारीचं मला काय कळतंय? एम. ए. तू झालास."

मी हसलो. हसता हसता आरशात पाहिलं. बोलताना त्यांना मध्ये थांबावं लागत होतं. 'मी बैलगाडीचं' म्हणून एक श्वास, 'सांगितलं' म्हणून दुसरा.

दुपारी ते आडवे होऊ शकले नाहीत. पाठ टेकली की दम कोंडे. म्हणून भिंतीला उशी लावून बसून राहिले, हनुवटी छातीवर, आणि दारातून येणारी झळ त्यांच्या अंगावरून जात राहिली. मी पुन्हा हात जोडले. आताच जाऊ म्हणालो. ॲम्ब्युलन्स बोलावतो म्हणालो. त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. "शब्द म्हणजे शब्द. आवाज गेला का?" रेखा मला अंगणात ओढून नेऊन म्हणाली, "तुम्ही त्यांना उचलून गाडीत टाका. मी पाय धरते." आणि मला कळत होतं की तिचं बरोबर आहे, पण ज्या माणसाने मला कधी कडेवरून खाली पडू दिलं नाही, त्याला मोळीसारखं उचलून टाकायला माझे हात धजेनात. मी भित्रा आहे. माझ्या भित्रेपणाला मी आदर म्हणतो, एवढंच.

मग, काहीच सुचत नसताना, मी रोजचं काम केलं. अण्णांच्या डाव्या हातावर मनगटाच्या वर एक फुगीर शीर आहे. मशीनच्या सुईसाठी शस्त्रक्रिया करून जोडलेली. तिच्यावर बोटं ठेवली की आत रक्त थरथरत धावताना जाणवतं. ती थरथर थांबता कामा नये, दररोज हात लावून पाहा, असं नर्सबाईंनी बजावलेलं. अण्णा त्या थरथरीला भुंगा म्हणत. मी बोटं ठेवली. भुंगा होता. बाहेरून पाहिलं तर तो हात निश्चल होता, कान लावून काही ऐकूही येत नव्हतं. बोटांनाच तेवढं कळत होतं.

आणि मी तसाच उठून अंगणात गेलो.

चाकं पूर्ण उजवीकडे वळवली, म्हणजे अजून न तपासलेल्या डाव्या चाकामागे हात जाईल एवढी जागा झाली. गाडी जमिनीवरच राहू दिली, तिचं ओझं तिच्या चाकांवर. रेखाला म्हणालो, "डाव्या मडगार्डवर भार दे. दाब आणि सोड, दाब आणि सोड."

"आता हे काय नवीन?"

"दाब ग बाई!"

तिने पदर खोचला आणि चार दिवसांचा सगळा संताप त्या मडगार्डवर काढला. गाडी होडीसारखी डुलू लागली. मी पालथा पडून एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेलो, डोळे मिटून, जसा अण्णांच्या हातावर ठेवतो. खालच्या दांड्याचा सांधा शांत होता. स्टिअरिंगच्या दांड्याचं टोकही शांत. स्प्रिंगचं बूड नुसतं कण्हत होतं, पण ते तेलाच्या लगद्याचं. मग वीतभर लांबीची एक लोखंडी काडी हाताला लागली. लिंक रॉड म्हणतात तिला. गाडी वळणावर एका अंगाला कलू नये म्हणून ती चाकाला आडव्या दांडीशी जोडून ठेवते, तिच्या टोकांना वाटीत बसवलेले लोखंडी गोळे असतात. मी खालच्या टोकावर बोटं ठेवली. रेखाने दाबलं. 'टक.' बोटांच्या पेरांत, हाडापर्यंत. तिने सोडलं. 'टक.' वाटीतला गोळा दुखऱ्या दातासारखा हलत होता.

"सापडला!" मी ओरडलो आणि उठताना डोकं मडगार्डवर आपटलं. रेखाने माझ्या डोक्याऐवजी मडगार्डला पोचा आला का ते पाहिलं. मग आम्ही दोघं त्या मातीत बसून, कुणी पाहिलं असतं तर लाज वाटावी, असे हसलो.

सोमवारी पहिल्या एसटीने परभणीला गेलो, रात्रीच काढून ठेवलेला जुना तुकडा दाखवून नवा घेतला आणि तो छातीशी धरून परतलो. दवाखान्यातला नंबर दुपारचा होता. नवा लिंक रॉड बसता बसेना. डावं चाक उचललं की आडवी दांडी तिरकी होई आणि भोकं जुळत नसत. मी हातोडा घेतला, तसं रेखा म्हणाली, "उजवीकडून बी उचला की. कावड एका अंगाला कलती ठेवल्यावर सांडणारच." शेजारून दुसरा जॅक आणला, दोन्ही बाजू समान उचलल्या, आणि काडी हलकेच आपल्या जागी गेली. तेलाचा चिखल साबणाच्या पाण्याने धुतला. बोटांची सालं गेली होती. गाडी गल्लीतून फिरवली, मग गावाबाहेरच्या खडबडीत पट्ट्यावरून नेली. ना खट्ट, ना चुंई. मुद्दाम काच बंद करून ऐकलं. काहीच नाही.

मी ओसरीपाशी येऊन उभा राहिलो. "अण्णा, गेला."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग रेखाच्या खांद्याचा आधार घेऊन उठले, थांबत थांबत गाडीपर्यंत आले आणि आत बसले. तोंड काचेकडे वळवलं. मला वाटलं, दमलेत.

गाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी काढून झालेली रानं उघडी पडली होती, त्यांच्या भेगांवर ऊन थरथरत होतं, आणि बांधावरच्या पळसांवर उरलीसुरली फुलं होती. पहिला सुरकुत्यांचा पट्टा आला. गाडी त्यावरून साजूक तुपासारखी गेली. मी छाती फुगवून आरशात पाहिलं. अण्णा बाहेर पाहत होते.

दुसऱ्या पट्ट्यावर मला ते ऐकू आलं. बारीक, नाकातून येणारं, दबलेलं. नेमकं त्याच क्षणी, जिथे पूर्वी 'खट्ट' व्हायचं. क्षणभर मला वाटलं, नव्या लिंक रॉडचं रबर कुरकुरतंय, आणि मी मनातल्या मनात दुकानदाराला एक सणसणीत शिवीही दिली. पुढच्या उंचवट्यावर ते पुन्हा आलं. मागच्या सीटवरून. अण्णा कण्हत होते.

हे आजचं नव्हतं. त्या कण्हण्याला सराव होता, लय होती. माघापासून प्रत्येक सुरकुतीवर ते असेच कण्हत आले असणार, आवाजाच्या आत आवाज ठेवून, आणि मी चाकाला कान लावून बसलो होतो. आरशात आमची नजर भिडली. पुढच्या धक्क्याला त्यांनी उपरण्याचं टोक दातांत धरलं. कण्हणं आलं नाही. गाडीत इतकी शांतता झाली की मला ती सोसवेना.

"अण्णा, दुखायलंय का?"

त्यांनी उपरणं सोडलं. "ती बोलायची तवा बरं व्हतं. आपलं आपल्याला ऐकू येत नव्हतं."

"मग तिचं बोलणं बंद कर कामून म्हणालात?"

ते थोडा वेळ दम गोळा करत राहिले. मग अगदी साधेपणाने, आज वारं पडलंय असं सांगावं तसं, म्हणाले, "तुझ्याकडनं व्हायचं न्हाई, असा भरवसा व्हता माझा."

माझा पाय आपोआप सैल झाला. गाडी हळू होत होत रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली थांबली. पोखर्णीचा फाटा थोड्या अंतरावर दिसत होता. नेहमी तिथे आलं की अण्णा नृसिंहाच्या देवळाच्या दिशेने हात जोडत. स्वतःहून 'आता पुरे' म्हणणं त्यांना जमलं नव्हतं, आम्हाला दुखवणं जमलं नव्हतं. म्हणून त्यांनी जन्मभराच्या ओळखीतून माझ्या नालायकीवर विसंबून एक दार उघडं ठेवलं होतं, आणि मी चार दिवस खपून, बोटं सोलून, ते दार लावून घेतलं होतं. शब्द दिलेला माणूस मुकाट्याने येऊन बसला होता.

"फिरवू का गाडी?" मी विचारलं. खरोखर फिरवली असती का, ते मला ठाऊक नाही.

अण्णा बाहेर पाहत होते. वारा नव्हता. बाभळीच्या शेंगा स्थिर लटकल्या होत्या.

"आता आलोच हाय तर चल," शेवटी ते म्हणाले.

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारचं गुरुवारी बघू. हळू घे."

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. पुढचा पट्टा आला तेव्हा त्यांनी उपरण्याला हात लावला नाही. ते मोकळ्याने कण्हले, मोठ्याने, लपवल्याशिवाय, आणि मी काच खाली केली नाही, गाणी लावली नाहीत. मागून उशिराच्या उसाचा ट्रॅक्टर आला, त्याला वाट दिली. मग दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल पुढे गेली, मग एसटी गेली, तिची धूळ आमच्यावर बसली. सगळे आम्हाला ओलांडून परभणीकडे जात होते. मी चालवत होतो, सुरकुती चुकवत, चुकली नाही की मागून येणारं ऐकत. आणि हा आपल्या सोबतीला बसलेला माणूस कुठे जायला निघाला आहे नि आपण त्याला कुठे नेतो आहोत, हे गेल्या चार दिवसांत प्रथमच मला नीटसं माहीत नव्हतं.